ग्रामीण रुग्णालयात रुग्णांचं आणि गावकऱ्यांचं म्हणणं कामाला कसं लावायचं?

समिती_सदस्य (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य म्हणून काम सुरू केलं आहे. बैठकीत रंगकाम, इन्व्हर्टर, पाण्याच्या टाकीची गळती हेच विषय येतात. रुग्णाला कुठे अडतं, हा विषय येतच नाही. तक्रारपेटी जवळजवळ रिकामीच असते. रुग्णांना विचारायचं तर कुणी, कधी आणि किती जणांना? त्यातून कर्मचारी दुखावले जाऊ नयेत, ते तर आधीच कमी आहेत. आणि पाड्यांवरून येणारी माणसं काही विचारलं की मान हलवतात फक्त. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

गुणवत्ता_कक्ष

पेटीवर विसंबू नका. चिठ्ठी टाकायला लिहिता यावं लागतं, जवळ पेन लागतं, आणि पेटी बहुतेक ठिकाणी अधीक्षकांच्या दालनाबाहेर टांगलेली असते. तिथे सगळ्यांच्या देखत चिठ्ठी कोण टाकणार? ती औषधखिडकी आणि फाटक यांच्या मधे हलवा, दोरीला पेन बांधा, आणि ठरलेल्या वारी अशासकीय सदस्यासमोरच उघडा.

खरी माहिती मिळते ती घरी निघालेल्या माणसाकडून. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यानंतर विचारा, आधी नको. ज्यांच्या हातात उपचार आहेत त्यांच्याविषयी खाटेवरचा माणूस वाईट बोलणार नाही. विचारणारी व्यक्ती त्या वॉर्डातली नसावी. महिन्याला ३० आंतररुग्ण आणि ३० बाह्यरुग्ण एवढे तुमच्या रुग्णालयाला पुरेत, पण एकाच दिवशी साठ फॉर्म उरकू नका. रात्री दाखल झालेले त्यात आलेच पाहिजेत.

‘सेवा कशी वाटली?’ असं विचारलंत की ‘चांगली’ हेच उत्तर येतं. घडलं काय ते विचारा. ‘बाहेरून काही विकत आणलं का? चिठ्ठी आहे?’ ‘रात्री हाक मारल्यावर कोण आलं?’ ‘कुणी पैसे मागितले का?’ १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तेव्हा या प्रश्नाचं प्रत्येक ‘हो’ गंभीरपणे घ्या. आणि एक प्रश्न कधीच गाळू नका: पाकिटं पुढे ठेवून ‘यातली कुठली गोळी कधी घेणार, दाखवता का?’ इथे माणूस अडखळला तर दोष त्याचा नाही, औषधखिडकीवरच्या घाईचा आहे. पाकिटावर सूर्य-चंद्राचं चित्र असलेला शिक्का मारला तरी बराच फरक पडतो.

जे ‘डामा’ म्हणून निघून गेले, म्हणजे सल्ल्याविरुद्ध सही करून, ते कुठल्याच सर्वेक्षणात येत नाहीत. सर्वात जास्त शिकायला त्यांच्याकडूनच मिळतं. आठवड्याच्या आत घरी जाऊन कारण विचारावं. मजुरी बुडते, घरी लहान मूल आहे, सोबत राहणाऱ्याला जेवण नाही, अशी कारणं निघतात आणि त्यातली काही समितीच्या आवाक्यातली असतात.

देखरेख_कार्यकर्ता

वरच्या प्रतिसादात भर घालतो. महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख २००७मध्ये अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. गावातल्या लोकांनीच सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचा आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा, अशी ती पद्धत. रंग का उपयोगी पडतो? आकडे वाचता न येणारी बाईसुद्धा ‘मागच्या खेपेला लाल होता, आज पिवळा का?’ असं विचारू शकते.

जनसुनवाई मात्र थेट घेऊ नका. आधी दोन-तीन महिने माहिती जमवा, मुद्दे अधीक्षकांना लेखी द्या, उत्तराला वेळ द्या. जे सुटत नाही तेवढंच सुनवाईत न्यायचं. नाहीतर ती आरडाओरड्याची सभा होते आणि पुढच्या वेळी डॉक्टर येतच नाहीत.

सुरुवात वेळेच्या चिठ्ठीने करा. केसपेपरला एक कागद टाचायचा, त्यावर चार चौकटी: केसपेपर, तपासणी, प्रयोगशाळा, औषधं. प्रत्येक खिडकीवर घड्याळ पाहून वेळ लिहायची. एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा दिवस, दोन्ही दिवशी २५-२५ रुग्ण. या चिठ्ठीतून हमखास निघणारी गोष्ट सांगतो. प्रयोगशाळा नमुने ११ वाजेपर्यंत घेते, आणि लांबच्या गावांची एसटी पोचते साडेदहाला. केसपेपरच्या रांगेतच ११ वाजतात. डॉक्टर रक्त तपासायला लिहून देतात, खिडकी म्हणते ‘उद्या या’. उद्या म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा बुडालेली मजुरी. ती बाई येत नाही, आणि कागदावर मात्र ‘रुग्ण पाठपुराव्याला आला नाही’ अशी नोंद पडते! नमुने घेण्याची दुसरी फेरी १२:३०ला ठेवली तर खर्च शून्य. तंत्रज्ञ एकच असेल तर नमुने गोळा करण्यापुरती परिचारिकेची मदत लागते, ते आधी बोलून घ्या.

परिसेविका_प्रसूती

आता कर्मचाऱ्यांची बाजू. उत्तरांत नाव आलं तर समितीपुढे मांडण्याआधी ते काढा. निष्कर्ष पहिल्यांदा वॉर्डातल्या माणसांना दाखवा, बैठकीत नंतर. आणि पहिली सुधारणा अशी निवडा की जी परिचारिकांनाही हवी आहे. पैसे मागितल्याचा आरोप किंवा मारहाण मात्र या पद्धतीत बसवू नका. ती थेट अधीक्षकांकडे, त्याच दिवशी.

एक उदाहरण देते. प्रसूतीच्या वेळी सोबत बाईमाणूस ठेवायला केंद्र सरकारने २०१६मध्येच मुभा दिली आहे. तरी बायका सांगतात, ‘सासूला बाहेर काढलं.’ ऐकणाऱ्याला वाटतं सिस्टर कठोर आहे. प्रसूतिगृहात उभं राहून बघा: दोन टेबलं शेजारी शेजारी, मधे पडदा नाही. एकीची नातेवाईक आत आली की दुसरी उघडी पडते, म्हणून सिस्टर दोघींच्याही माणसांना बाहेर पाठवते. ‘नातेवाइकांना आत घ्या’ असं परिपत्रक कितीही वेळा काढा, काही होत नाही. छताला पट्टी, तिच्यावर सरकते पडदे, बदलायला दुसरा जोड, सोबत्यासाठी स्वच्छ गाऊन आणि चपला. हे समितीच्या निधीत बसतं. पडद्याचं कापड रोज धुता येणारं घ्या. जाड, शोभेचं घेतलं की ते मळतं आणि संसर्ग नियंत्रणवाले काढून टाकायला लावतात.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, म्हणजे बाळंतीण आणि बाळासाठीची सरकारची मोफत सेवांची योजना, तिच्यातले हक्कही विचारा: साध्या प्रसूतीला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस मोफत आहार, घरी सोडायला गाडी. गाडी येताना मिळते, जाताना राहते. कारण डिस्चार्ज दुपारी ठरतो आणि १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला सकाळी कुणी कळवलेलंच नसतं.

समिती_सदस्य

पडद्याचं लक्षातच आलं नव्हतं. ताई, मनापासून आभार. पाड्यांवरच्या लोकांचं काय करावं? आशाताईंना विचारायला सांगू का?

देखरेख_कार्यकर्ता

आशाताई हव्यातच, पण त्याच पाड्याच्या नकोत. बाळंतिणीला रुग्णालयात आणलं की त्यांना मोबदला मिळतो, आणि तिथल्याच लोकांशी त्यांना रोज जुळवून घ्यावं लागतं. त्या अडचणीत येतात. दुसऱ्या पाड्याच्या, पण तीच बोली बोलणाऱ्या निवडा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी येणारं माणूस लागेल.

हसरा-रडका चेहरा असलेली कार्डं वापरू नका, सगळे हसऱ्यावरच बोट ठेवतात. सहा-आठ बायकांना एकत्र बसवा, जमिनीवर खिडक्यांची आणि खोल्यांची चित्रं मांडा, प्रत्येकीला वालाचे १० दाणे द्या. ‘जिथे जास्त त्रास तिथे जास्त दाणे.’ ढीग झाला की ‘इथे एवढे का?’ एवढंच विचारा आणि थांबा. बोलायला लागतात.

गुणवत्ता_कक्ष

एक राहिलं. ओपीडीत फळा लावा: लोकांनी काय सांगितलं, काय केलं, कोणत्या तारखेपर्यंत करणार. जे तुमच्या हातात नाही तेही लिहा. भूलतज्ज्ञाचं पद रिक्त असेल तर तसं लिहा, आणि शेजारी जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख. फळा दर महिन्याच्या बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी बदलायचा. कोण बदलणार, ते इतिवृत्तात पदनामासह नोंदवून घ्या.