मालीत पिवळ्या धोत्र्याची मलेरियावर चाचणी, नेमकी कशी झाली?

बांधावरचा: आमच्या बांधावर पिवळा धोत्रा मोप माजतो, देठ तोडला की हळदीसारखा चीक येतो, काट्यांमुळे जनावरं तोंड लावत नाहीत. आता वाचतोय की पश्चिम आफ्रिकेत माली देशात याच झाडाच्या काढ्याची मलेरियावर चाचणी झाली. कशी केली कोणी सांगेल का? माझा एम.फार्मचा प्रोजेक्ट आहे आणि झाड आणायचं, अर्क काढायचा, उंदरांना द्यायचा एवढंच डोक्यात होतं.

लॅबवाली_ताई: तिथे उलटं केलं रे, मला तेच फार आवडलं. आधी घरोघर जाऊन विचारलं, मागच्या वेळी मलेरिया झाला तेव्हा काय दिलं आणि बरं वाटलं का. 952 आजारपणांची नोंद झाली, 66 झाडं निघाली, त्यात बरं होण्याशी सगळ्यात जास्त जुळलं ते हे. मग मिसिदुगू गावात 80 पेशंटवर डोस पाहिला. दिवसातून एकदा, तीन दिवस काढा दिला तर 35 टक्के लोकांना गुण आला, दोनदा सात दिवस दिला तर 73, आणि सुरुवातीला दिवसातून चारदा पाजून 65, म्हणजे जास्त पाजून काही जास्त मिळालं नाही. त्यानंतर 301 पेशंट घेऊन आर्टेसुनेट-अमोडायक्विन या मलेरियाच्या गोळ्यांशी तुलना केली, 28 दिवसांत काढेवाल्यांपैकी 89 टक्क्यांना दुसरं औषध लागलं नाही, गोळ्यावाल्यांत 95. हे 2010 मध्ये छापून आलं. कोणता घटक काम करतो ते शोधणं त्यांनी शेवटी ठेवलं. बर्बेरिन सापडतं, आपल्या दारुहळदीतलंच, पण ते पोटातून रक्तात फार कमी जातं.

वैद्य_काका: बाळा, बियांपासून लांब राहा. मोहरीसारख्या दिसतात. 1998 ला दिल्लीत मोहरीच्या तेलात यांच्या तेलाची भेसळ झाली, लोकांचे पाय सुजले, हृदयावर परिणाम होऊन माणसं गेली. मालीतला काढा पाण्यात उकळलेला होता, तेल नव्हतं.

बांधावरचा: काका नक्की. ताई, पण जंतू मेले का?

लॅबवाली_ताई: पूर्ण क्वचितच. डोसच्या अभ्यासात ताप उतरला, जंतू कमी झाले, पण रक्तात थोडे राहिले. तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून मलेरिया होऊन होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यांचं भागतं. आपल्याकडे गडचिरोलीत कोणाला ताप भरला तर आशाताईंकडून किटवर रक्त तपासून गोळ्याच घ्यायच्या, काढ्यावर एक दिवसही घालवायचा नाही. प्रोजेक्टसाठी अर्क केलास तर नुसत्या परजीवीवर लावू नकोस, माणसाच्या पेशींवरही लाव. दोन्ही सारखेच मरत असतील तर ते औषध नाही, विष आहे.