कॉम्प्युटर मध्येच बंद पडायलाय (सोसायटी ग्रुप)

ए-२०४: नमस्कार. पाण्याच्या टँकरचा विषय चालू आहे माहिती आहे, पण मधेच एक विचारते. घरचा डेस्कटॉप, पार्ट आणून मीच जोडलेला, काही दिवसांपासून आपोआप बंद पडायलाय. कधी निळा स्क्रीन येतो, कधी काहीच न दाखवता काळा होतो आणि परत चालू होतो. ऑटोकॅडचं काम त्याच्यावरच आहे, या आठवड्यात एका बंगल्याचे प्लॅन द्यायचेत. दुकानवाला न उघडताच म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवीन टाका. आपल्यात कुणाला यातलं कळतं का?

डी-१०१: अगं उन्हानं होत असेल. पारा ४२ च्या वर गेलाय. माझा मोबाइलसुद्धा तापायलाय. कूलरपुढं ठेवून बघ.

बी-३०२: ताई, फॉरमॅट मारा. माझ्या मित्राचं असंच होत होतं, विंडोज नवीन टाकल्यावर थांबलं.

बी-१०३: पाण्याची मोटार चालू झाली की व्होल्टेज पडतं. जिन्यातले दिवेसुद्धा मंद होतात. मला वाटतं तेच कारण.

सी-३०१: ताई, आत्ता काहीच बदलू नका. मदरबोर्ड, ऊन, विंडोज, मोटार ही चारही कारणं असू शकतात, म्हणूनच अंदाजपंचे काही करायचं नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि महिन्यानं परत तेच सुरू. वाळूजला मेंटेनन्समध्ये आम्ही एकच नियम पाळतो: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

आधी एवढं सांगा. पार्ट कोणते? शेवटचा कोणता घातला? इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का?

ए-२०४: प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा. रॅम आधी ८-८ जीबीच्या दोन होत्या, दिवाळीत अजून ८-८ च्या दोन घातल्या. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायचं सेटिंग) चालू, ३२०० वर. आणि हो, इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहे.

सी-३०१: दिवाळीतल्या रॅम आधीच्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आहेत का?

ए-२०४: नाही, ते मॉडेल मिळालं नाही. स्पीड मात्र तोच लिहिलाय.

सी-३०१: बरं. आता इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथं ‘कर्नल-पॉवर’ नावाच्या लाल नोंदी दिसतील, नंबर ४१. ती नोंद बघून बरेच जण लगेच एसएमपीएस बदलतात. पण ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नाही.

कामाची ओळ आत असते. नोंदीवर क्लिक करून डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ बघा. तिथं शून्य असेल तर विंडोजला कळायच्या आत वीज तुटली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. दुसरा आकडा असेल तर निळा स्क्रीन आला होता. प्रत्येक नोंदीची वेळ आणि तो आकडा, दोन्ही कागदावर उतरवा. वेळ महत्त्वाची आहे, ती सोडू नका.

डी-१०१: आणि कूलरचं काय?

सी-३०१: काकू, कूलरपुढं नको. त्याची हवा दमट असते, आणि त्या ओलीबरोबर धूळ आणि गवताचे तुसे आत जाऊन फॅनवर थर बसतो. मी एका घरी एसएमपीएसची जाळी काढली होती, तिच्यावर चक्क नमद्यासारखा पापुद्रा निघाला. खोलीत कूलर असू दे, फक्त झोत कॅबिनेटवर नको. आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा.

उन्हाचा संशय तपासायला सोपा आहे. ताई, एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून काम चालू असताना तापमान बघा. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिच्याजवळ गेला तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, एकदम बंद सहसा पडत नाही. त्यामुळं नुसत्या उन्हावर माझा फार संशय नाही.

ए-२०४: दादा, बघितलं. ड्रॉइंगवर काम चालू असताना ७० च्या आसपास राहतं. आणि नोंदींचे सरळ दोन गट पडायलेत!

शून्यवाल्या नोंदी बहुतेक नळाला पाणी येतं त्या दिवशी पहाटेच्या आहेत, आणि लाइट गेली त्या वेळच्या. आकडेवाल्या नोंदींना वेळकाळ नाही, भर दुपारी पण आहेत, रात्री पण. आकडे २६, १०, ८०, परत २६.

सी-३०१: छान काम केलंत. म्हणजे एका मशीनला दोन वेगळे आजार आहेत, आणि दोन्हीची लक्षणं एकमेकांत मिसळल्यामुळं कुणालाच ताळमेळ लागत नव्हता. सर, तुमची मोटार पहिल्या गटात आहे. दुसऱ्याशी तिचा संबंध नाही.

आकडेवाला गट आधी घेऊ, कारण त्यात तुमच्या फायलींना धोका आहे. ते आकडे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत असतात, आणि निळ्या स्क्रीनचे कोड हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत लिहितात, म्हणून शोधताना जुळत नाहीत. २६ म्हणजे हेक्समध्ये १ए, मेमरी मॅनेजमेंट. १० म्हणजे ए, आयआरक्यूएलवाला (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याचा). ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट (मागितलेली मेमरी सापडली नाही). एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुधा एकच कोड आणि त्याच फाइलचं नाव परत परत आलं असतं. दर वेळी वेगळं येतंय, म्हणजे पहिला संशय रॅमवर.

बी-३०२: मग फॉरमॅट नको का?

सी-३०१: आत्ता तर मुळीच नको. रॅम चुका करत असेल तर नवीन विंडोजच्या फायलीसुद्धा तिच्यातूनच डिस्कवर जाणार, आणि चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात. दुखणं कुठं आणि मलम कुठं, तसलं होईल. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटसुद्धा आत्ता नको. तो चालू असताना मशीन बंद पडलं तर बोर्ड खरोखरच जाईल, आणि मग दुकानवाल्याचं म्हणणं खरं ठरेल.

ताई, एक फार महत्त्वाचं: प्लॅनच्या जुन्या चांगल्या कॉप्यांवर नवीन फाइल चढवू नका. दर वेळी वेगळ्या नावानं सेव्ह करा. खराब मेमरीतून गेलेली फाइल वरून धडधाकट दिसते आणि आतून मोडलेली असते.

ए-२०४: ते ऐकून पोटात गोळाच आला. आत्ता सगळं वेगळ्या नावानं ठेवलं. पुढं?

सी-३०१: मेमटेस्ट८६प्लस, रॅम तपासायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, माझ्याकडं पेनड्राइव्हवर तयार आहे, खाली येऊन घेऊन जा. मशीन त्यावरून सुरू करायचं, विंडोज उघडतच नाही. आहे त्याच सेटिंगवर, चारही रॅम लावून, रात्रभर चालू द्या. ३२ जीबीला वेळ लागतो. एक जरी लाल ओळ आली तरी नापास. ‘एकच तर चूक आहे’ असं इथं चालत नाही.

लाल आली तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, बाकी कशाला हात लावू नका, परत चालवा. नंतर दोन-दोन रॅम. दोनच लावताना प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. रॅम काढताना मागचं बटण बंद, वायर काढलेली, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून मग.

ए-२०४: निकाल लागला. चारही रॅम, ३२०० वर: लाल ओळी, पहिल्याच फेरीत. एक्सएमपी बंद केल्यावर त्याच चार २६६६ वर आल्या: एकही नाही. जुन्या दोन ३२०० वर: स्वच्छ. नव्या दोन ३२०० वर: त्याही स्वच्छ! मला वाटलं होतं नव्यांपैकी एक तरी खराब निघेल.

सी-३०१: म्हणजे तुमची एकही रॅम खराब नाही आणि बोर्डही गेलेला नाही. चौघींना मिळून ३२०० झेपत नाही, एवढंच. एक्सएमपी हा कंपनीनं नेमून दिलेला साधा वेग नसतो, तो ओव्हरक्लॉकच असतो, आणि रॅमच्या पाकिटावरचा आकडा त्या पाकिटातल्या जोडीपुरता तपासलेला असतो. दोन वेगळ्या जोड्या एकत्र चालतील याची हमी कुणीच दिलेली नाही. या प्रोसेसरसाठी एएमडी स्वतः ३२०० सांगतं ते दोन रॅमला. चार सिंगल रँक (रँक म्हणजे रॅमवरच्या चिपांचा गट) लावल्या तर २९३३, चार ड्युअल रँक असतील तर २६६७. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, प्रोसेसरच्या आतच असतो आणि चार रॅमचा भार त्याच्यावर पडतो.

आता तुम्ही ठरवा: ३२ जीबी २६६६ वर, की १६ जीबी ३२०० वर.

ए-२०४: मोठ्या ड्रॉइंगला मला ३२ च लागते. २६६६ ठेवते.

सी-३०१: मीही तेच केलं असतं. तुमच्या कामात तेवढ्या वेगाचा फरक हाताला जाणवणार नाही. आता ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही कमांड अ‍ॅडमिन म्हणून चालवा, मधल्या काळात विंडोजच्या काही फायली बिघडल्या असतील तर ती दुरुस्त करते. आणि दिवाळीनंतरचे सगळे प्लॅन एकेक उघडून बघा.

बी-१०३: आणि आमच्या मोटारीचं?

सी-३०१: सर, आता तिच्याकडंच येतो. ताई, इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक बटण असेल, यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं लिहिलेलं. कुठं आहे?

ए-२०४: इकोवर.

सी-३०१: ते यूपीएसवर करा, मशीन बंद ठेवून. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. फॅन-ट्यूबला तो जाणवत नाही. पण एसएमपीएस आपल्या आतल्या कपॅसिटरवर पूर्ण लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक फेरीसुद्धा नाही. इकोवर बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि व्होल्टेज बरंच खाली गेलं तरी इन्व्हर्टर तसंच पुढं सोडतो. यूपीएस मोडवर तो लवकर बॅटरीवर येतो. बॅटरी थोडी जास्त वापरली जाईल, तिच्यातलं पाणी बघत राहा.

सर, पहाटे मोटार चालू करताना मी मीटर लावून बसलो होतो. २२६ वरून एकदम १९० च्या खाली येतं आणि सावरायला वेळ घेतं. पुरवठा २३० च्या आसपास असायला हवा, एवढा खाली जायला नको. एवढं पडतंय म्हणजे कुठंतरी जोड सैल आहे किंवा स्टार्टरचा कपॅसिटर उतरलाय. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला मेन बोर्डाचे स्क्रू आणि न्यूट्रल बघायला सांगा. न्यूट्रल सैल असेल तर आज ताईंचा कॉम्प्युटर, उद्या कुणाचा तरी फ्रिज. बोर्ड कुणी स्वतः उघडू नका. आणि आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला वॉचमनला सांगा, उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळते, आर्थिंग कमकुवत होतं.

बी-१०३: इलेक्ट्रिशियनला फोन केला. रविवारी येतो म्हणाला. तुम्ही असाल ना घरी?

सी-३०१: असेन सर.

बी-३०२: दादा, मी कॉलेजसाठी नवीन जोडायचं म्हणतोय. एक जण इंटेलचा १३व्या पिढीचा आय७ जुना देतोय, स्वस्तात. घेऊ का?

सी-३०१: जपून. १३व्या-१४व्या पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते, हे इंटेलनं २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं. बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. पण त्या दुरुस्तीनं पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून निघत नाही. आधीच्या मालकानं बायोस कधी अपडेट केला, हे कळल्याशिवाय घेऊ नकोस. बिल आणि वॉरंटी बघ. रॅम घेशील ती एकाच पाकिटातली जोडी घे, नंतर वाढवू म्हणून अर्धी घेऊ नकोस.

ए-२०४: दादा, आज लाइट गेली आणि आली, मशीनला पत्ताही लागला नाही. निळा स्क्रीनही परत आला नाही. प्लॅन सगळे उघडून बघितले, दोन फायली मोडलेल्या निघाल्या, पण आधीच्या नावाच्या कॉप्या चांगल्या आहेत. बंगल्याचं काम वेळेत जातंय. मनापासून आभार. पेनड्राइव्ह संध्याकाळी आणून देते.

सी-३०१: मला नको, बी-३०२ ला द्या. त्याला नवीन रॅमवर पहिल्याच रात्री चालवायला लागेल.