डलोनेगाला पूर्ण दिवस द्यावा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डलोनेगा हे गाव अर्ध्या दिवसात पाहून उरकते, असे काहींचे मत आहे; ते मला पटत नाही. चौकातल्या १८३६ सालच्या जुन्या न्यायालयात आता सोन्याचे संग्रहालय असून, त्याच्या विटा अगदी जवळ जाऊन पाहाव्यात, कारण त्या इथल्याच मातीच्या असल्याने त्यांत सोन्याचे अंश आहेत. मात्र याच सोन्याच्या हव्यासामुळे चेरोकी या इथल्या मूळनिवासी लोकांच्या हकालपट्टीला वेग आला, हे तिथे उभे असताना विसरू नये. त्यानंतर अमिकलोला धबधबा गाठावा. ७२९ फुटांवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे पाणी पाहत सहाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी मोटार थेट वरच्या वाहनतळावर न्यावी. ऑक्टोबरात पानगळीचे रंग पाहायला गर्दी उसळते, तेव्हा शनिवार-रविवार टाळलेला बरा.