चहाची फ्रँचायझी सोडली, आता स्वतःचं दुकान टाकता येईल का?

नाशिककर: 3 वर्षांचा करार मार्चमध्ये संपला, रिन्यू नाही केला. गाळा माझाच आहे म्हणून तिथेच स्वतःच्या नावाने चहा सुरू करायचाय, तर कंपनीवाले म्हणतात करारात लिहिलंय 2 वर्षं चहाचा धंदा करायचा नाही, आणि डिपॉझिट पण अडकवून बसलेत. काय करू?

वकीलसाहेब: करार संपल्यानंतरची अशी अट सहसा टिकत नाही, करार कायदा 1872, कलम 27 बघा. करार चालू असताना टिकते, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, सुप्रीम कोर्ट, 1995. पण बोर्ड, कप, त्यांची रंगसंगती सगळं उतरवा, नाहीतर ट्रेडमार्कमध्ये अडकाल.

पक्या: कपांचं खरंय! आमच्या इथे एकाने बोर्ड काढला पण दोन खोकी कप उरलेत म्हणून लोगोवालेच वापरत बसला, आली ना नोटीस.

सायली: डिपॉझिटसाठी आधी लेखी मागणी करा आणि आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी लवादापुढे वाद सोडवणं) कोणत्या शहरात लिहिलंय ते बघा. फ्रँचायझीला आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, जे काय ते करारात.

नाशिककर: बघितलं ताई, दिल्ली लिहिलंय. सही करताना ते पान वाचलंच नव्हतं.