बागेचा पैसा उभारणीपुरताच असतो

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी बाग करावी का, यावर बोलणं चाललंय. 'केंद्राचं अनुदान आलं की बाग झाली, आपल्या खिशातलं काय जातंय?' हे काहींचं म्हणणं अर्धंच खरं आहे. शहरांच्या सोयींसाठी केंद्रानं २०१५ ला आणलेल्या अमृत योजनेत बागांना पैसे होते, पण दहा लाखांच्या आतल्या शहरांना केंद्राचा वाटा निम्मा. उरलेला राज्यानं आणि महापालिकेनं घालायचा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपण त्यातच. शिवाय तो पैसा उभारणीचा. माळी, रखवालदार, वीजबिल ज्याचं त्यानं बघायचं. आमच्या कॉलनीतल्या बागेत बोअरची मोटर जळली तेव्हा ऐन एप्रिलात हिरवळीचं वाळलेलं गवत झालं, शेवटी वर्गणी काढून मोटर भरून आणली. नारळ फोडायला मात्र गर्दी केवढी होती!

बागेला नदीकाठची जागा नकोच, असंही काहीजण म्हणतात, तेही मला पटत नाही. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी येतं म्हणून नदीकाठी आखलेल्या हद्दीच्या, आत बांधकामाला बंदी असते, बाग किंवा मैदान असा मोकळा वापर चालतो. उलट तिथं बाग झाली तर भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्यांची पंचाईत होईल. फक्त पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर (तिथंच तिची पाणीपातळी मोजतात) ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा काय होतं ते २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरलं की बोटभर गाळ बसतो, म्हणून रंगीत कारंजी आणि जिमची यंत्रं तिथं नकोत. करंज, जांभूळ, उंबर लावा, दगडी बाकडी ठेवा, आणि मोटरचा पॅनेल बोर्ड पूररेषेच्या वर बसवा.