भरतीरेषेपासूनचे २०० मीटर कोणाच्या डोळ्यांत खुपतात?

सहकारनगरवासी:
काल या समूहावर एका सदस्याने लिहिले की, ‘सीआरझेड हा कोकणच्या गळ्यातला फास आहे, तो काढल्याशिवाय कोकणाचा गोवा होणार नाही.’ हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र; समुद्राच्या भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला आळा घालणारा नियम. १९९१ साली पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना निघाली, २०११ मध्ये दुसरी आली आणि २०१९ मध्ये तिसरी. या तिसरीने ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट आहे, तिथे बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. खाडीकाठची १०० मीटरची मर्यादाही ५० वर आली. याला फास आवळणे म्हणतात की सैल करणे? आणि गोवा व्हावा, असे कोकणातल्या कोणी तुम्हाला सांगितले?

विहीरवाला:
तो सदस्य मीच. २०१२ मध्ये दापोली तालुक्यात अकरा गुंठे घेतले. दलाल म्हणाला, ‘एनए, म्हणजे बिगरशेती, करून घ्या, बाकी काही अडचण नाही.’ पुढे कार्यालयात नऊ खेपा घातल्या, तेव्हा एका कारकुनाने नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीचे टोक माझ्या विहिरीवर ठेवले. बांधकामबंदीची रेषा विहिरीतून जाते. बांधायचे तर विहिरीच्या वर, डोंगराच्या अंगाला बांधा, म्हणजे सव्वा गुंठ्यात. मी निवृत्त शिक्षक आहे, बिल्डर नाही. मुंबईत किनारी रस्त्यासाठी समुद्रात भराव घालायचा होता, तेव्हा २०१५ मध्ये अधिसूचनेतच दुरुस्ती झाली; उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये परवानगी रद्द केली, तर त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मोठ्यांसाठी रेषा सरकते, माझ्या विहिरीपाशी मात्र ती काळ्या दगडावरची होते.

खारवीवाडा, मुक्काम कात्रज:
गुरुजी, तुमच्या विहिरीचे दुःख समजते, पण तुम्ही ज्याला मोकळी जागा म्हणता, तिथे आमच्या होड्या ओढून ठेवतात, जाळी वाळतात आणि बायका मासळी सुकवतात. सातबाऱ्यावर यातले काहीही लिहिलेले नसते. आणि समुद्राचा कायदा म्हटला की तुम्हा सर्वांना जमिनीचाच का आठवतो? १९८१ चा मासेमारी नियमन कायदा कोणी काढतच नाही. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, २०१६ मध्ये निर्बंध आले, प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी आली. तरी हंगामात रात्री माझ्या काकांच्या ओट्यावर बसा. क्षितिजावर दिव्यांची अशी रांग दिसते की एखादे गावच पाण्यावर तरंगते आहे असे वाटावे. सकाळी काकांच्या जाळ्यात टोपलीभर बांगडा येतो आणि डिझेलचेही पैसे सुटत नाहीत.

बाजीराव रस्ता:
मग तक्रार करावी. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची बंदी तरी तुमचेच लोक काटेकोर पाळतात का? आम्हाला मात्र सुरमईला वाटेल तो भाव मोजावा लागतो.

खारवीवाडा, मुक्काम कात्रज:
काका पाळतात, होडी शाकारून ठेवतात आणि दोन महिने उधारीवर काढतात. तक्रारीचे म्हणाल, तर १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा अधिकार आणि पलीकडे केंद्राचा, त्यामुळे दिवे ‘पलीकडे’ लागले होते, असे सांगितले की विषय संपतो. २०२१ मध्ये दंड वाढवला, पण दंड करायला आधी गस्तीची नौका तिथवर पोहोचली पाहिजे. भावाबद्दल आपण बोलूच नये. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केले आणि गणेश पेठेत अजून तळहातात मावणारी पापलेटे वाट्यावर मिळतात. ती विकत कोण घेते? तुम्हाला समुद्र फक्त ताटात दिसतो.

बाजीराव रस्ता:
ताटावरून बोलण्याची ही पद्धत नव्हे. लहान पापलेट घेतो, हे खरे. मोठे परवडत नाही. आता घेणार नाही, झाले समाधान?

सहकारनगरवासी:
मूळ विषय जमिनीचा होता, याची नम्र आठवण करून देतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, तेव्हा त्या अकरा गुंठ्यांवर काय झाले, हे गुरुजींनीच सांगावे.

विहीरवाला:
सांगतो, टाळणार नाही. चौदा माड आडवे झाले, कुंपण शेजारच्या वाडीत सापडले आणि पुढची पुळण पावसाळाभर कापली गेली. मला हवे होते तिथे घर बांधले असते, तर पत्रे शोधायला आणखी नऊ खेपा घालाव्या लागल्या असत्या. तेव्हा त्या कारकुनाचे आभार मानतो, पण बंदरवाल्यांसमोर त्याने पेन्सिल तशीच टेकवून दाखवावी, एवढी अट आहे. फास हा शब्द मागे घेतो, जाच म्हणतो.

खारवीवाडा, मुक्काम कात्रज:
विकायचा विचार असेल, तर आधी वाडीत विचारा. होड्या ओढायला जागा अपुरी पडू लागली आहे.

विहीरवाला:
पाडव्याला येतो आहे, तेव्हा काकांशी बोलू. मध्ये दलाल मात्र नको.