व्हीएमवर इमेज ठणठणीत, खऱ्या मशीनवर ‘स्पेशलाइझ’मध्ये अडकते

निळीस्क्रीन

मंडळी, तीन दिवस एकाच एरर-चौकटीकडे बघून डोळे गेलेत, म्हणून लिहितेय.

प्रशिक्षणाच्या लॅबसाठी विंडोज ११ ची एक इमेज, म्हणजे तयार बसवलेल्या विंडोजची प्रत, बनवून ती चाळीस मशीनवर टाकायची आहे. पहिला दणका सिसप्रेपनेच दिला, म्हणजे प्रत काढण्याआधी विंडोज तयार करणाऱ्या टूलने. ‘जनरलाइझ’ (त्या मशीनची खास ओळख पुसणं) सुरू केलं की थोड्याच वेळात ‘इन्स्टॉलेशन व्हॅलिडेट करता आलं नाही’. ते मात्र माझं मी निस्तरलं. सिसप्रेपच्या फोल्डरात पँथर म्हणून फोल्डर असतं, त्यातला सेटअपॲक्ट लॉग उघडला. शेवटाकडे ०एक्स८००७३सीएफ२ आणि एका ॲपच्या पॅकेजचं लांबलचक नाव: हे एका युजरसाठी बसवलंय, सगळ्यांसाठी नाही. मूळ मशीन नेटला जोडलेलं ठेवून मी मीटिंगला गेले होते, तेवढ्यात त्या ॲपने स्वतःला अपडेट करून घेतलं. चूक माझीच. पॉवरशेलमधून पॅकेज काढलं, नेटची केबल उपटली, सिसप्रेप गपगुमान पार पडलं.

इमेज कॅप्चर केली, व्हीएमवर (आभासी मशीनवर) टाकून पाहिली. नाव, टाइमझोन, लोकल युजर, सगळं आपोआप झालं. मी खूश.

मग खरं मशीन. पहिल्याच रीबूटला चौकट: ‘स्पेशलाइझ’ पाससाठी अनअटेंड फाइल पार्स किंवा प्रोसेस करता आली नाही, कंपोनंट शेल-सेटअप. (स्पेशलाइझ म्हणजे मशीनला स्वतःचं नाव वगैरे देण्याचा टप्पा, अनअटेंड म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली एक्सएमएल फाइल.) ओके दाबलं की रीस्टार्ट, की पुन्हा तीच चौकट.

‘पार्स’, म्हणजे फाइल वाचून उलगडणं, हा शब्द बघून मी एक्सएमएल पिंजून काढली. सगळे टॅग जागच्या जागी बंद आहेत. विंडोज सिममध्ये (अशा फाइल बनवायच्या-तपासायच्या टूलमध्ये) व्हॅलिडेट केली, एकही चूक नाही. प्रॉडक्ट की एडिशनशी जुळते का पाहिलं, शेवटी ती ओळच काढून टाकली. पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये बदल करायचा, पेनड्राइव्ह लावून मशीन पुन्हा सुरू करायचं, असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी वैतागून एक टॅग मुद्दाम मोडला. तरी एरर शब्दशः तीच! इथे माझी मती गुंग झाली. चांगली फाइल आणि मोडकी फाइल यांना एकच एरर कशी येते?

फटाफट

चौकट समोर असताना शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) बदलायचं टूल, चालू करा. एचकेएलएममध्ये सिस्टीम, सेटअप, स्टेटस, चाइल्डकम्प्लीशन असं आत जा. तिथे सेटअप डॉट ईएक्सई ही व्हॅल्यू १ असेल ती ३ करा आणि रीबूट करा. माझं मशीन याने सुरू झालं होतं.

जुना_ॲडमिन

वरचा उपाय या कामासाठी वापरू नका. ते ३ म्हणजे विंडोजला ‘सेटअप झालाय, चल पुढे’ अशी थाप मारणं आहे. डेस्कटॉप दिसेल, पण स्पेशलाइझ अर्धवट राहिलेलं असेल. एकट्यादुकट्या मशीनमधला डेटा वाचवायला ठीक. चाळीस मशीनवर असली अर्धकच्ची विंडोज पसरवलीत तर पुढचं वर्षभर निस्तरत बसाल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शेवटच्या दोन ओळींत दिलंय. फाइल मोडूनही एरर बदलली नाही, म्हणजे विंडोज ती फाइल वाचतच नाहीये. ती दुसरीच कुठली तरी वाचतेय.

अनअटेंड फाइल शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी रजिस्ट्रीत कुठली फाइल नेमून दिली आहे का ते बघितलं जातं. मग विंडोज फोल्डरातल्या पँथरमधलं अनअटेंड नावाचं फोल्डर, मग खुद्द पँथर. पेनड्राइव्हचा नंबर त्यानंतर लागतो. पँथरमध्ये एक प्रत बसलेली असेल तर पेनड्राइव्हवर तुम्ही काहीही लिहा, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तेव्हा शिफ्ट-एफ१० दाबाच, पण रेजएडिटसाठी नाही. नोटपॅड टाइप करा आणि त्यातून पँथरमधली अनअटेंड फाइल उघडा. तिथेच सेटअपएरर लॉग आहे, आणि अनअटेंडजीसी या उपफोल्डरातला सेटअपॲक्टही बघा, स्पेशलाइझची हकीकत त्यात असते. आणि एक सांगा, व्हीएम आणि खरं मशीन यांच्या फाइलमध्ये नेमका फरक काय? कॉम्प्युटरचं नाव कोण भरतं?

निळीस्क्रीन

नाव स्क्रिप्ट भरते. डिस्कवर इमेज उतरली की ती मला नाव विचारते, फाइलमध्ये घालते आणि फाइल पँथरमध्ये कॉपी करते. हे लिहिताना मलाच हसू आलं. कॉपी मीच करतेय आणि पेनड्राइव्हशी भांडतेय.

पँथरमधली फाइल उघडली. कॉम्प्युटरनेमसमोर प्रशिक्षण-लॅब-०७, अर्थात इंग्रजी अक्षरांत. व्हीएमला मी टेस्ट-०१ दिलं होतं. एवढाच फरक.

जुना_ॲडमिन

इंग्रजी अक्षरं मोजा.

निळीस्क्रीन

प्रशिक्षणची अकरा, डॅश, लॅबची तीन, डॅश, दोन आकडे. अठरा.

जुना_ॲडमिन

मर्यादा पंधराची आहे. नेटबायॉस या जुन्या नेटवर्क-पद्धतीच्या काळापासून चालत आलेली, आणि शेल-सेटअप ती अजून पाळतं. सिमने तुमची मूळ फाइल तपासली, नाव त्यात नंतर पडलं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. एररमध्ये ‘पार्स किंवा प्रोसेस’ असं असतं आणि आपण सगळे ‘पार्स’पाशीच थांबतो. एक्सएमएल व्यवस्थित वाचली गेली होती, आतली किंमत लागू होईना.

इमेज पुन्हा कॅप्चर करायची गरज नाही, तिच्यात काही खोट नाही. पण अडकलेलं मशीन तिथूनच पुढे ढकलू नका. डिस्क पुसून इमेज नव्याने उतरवा. आणि स्क्रिप्टमध्ये नाव विचारल्या विचारल्या लांबी तपासा, फाइलला हात लावायच्या आधी.

फटाफट

अच्छा, म्हणजे माझ्या त्या मशीनचं नाव डेस्कटॉप आल्यावरही काहीतरी भलतंच दिसत होतं ते यामुळे असणार. मी हाताने बदललं होतं. बाकी काय काय राहिलं असेल देव जाणे, आज बघतो.

निळीस्क्रीन

नावातलं ‘प्रशिक्षण’ छाटून ‘प्र’ ठेवलं, स्क्रिप्टमध्ये लांबीची तपासणी घातली, आणि नको ती चिन्हं नाकारायची अटही. सहा मशीन एका दमात झाली, चौकट कुठेही आली नाही. सातव्याला स्क्रिप्टने नाव घ्यायला नकार दिला. नीट बघितलं तर डॅशऐवजी माझं बोट स्पेसवर पडलं होतं.